अक्काचं घर हिरवं आहे

सोमवार, ३ मार्च

डायरी लिहायची ही बायकोची आज्ञा. म्हणाली, "दिवसभर मशीनशी बोलतोस आणि संध्याकाळी माझं डोकं खातोस. निम्मं कागदाला सांग." तर कागदा, ऐक.

आमची कंपनी चिमुकली. मॅडम मालक, मी सगळ्यात जुनं खोड, बाकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आम्ही एक पांढरा डबा बसवतो. ऑफिसात माझ्या टेबलाखाली एक मशीन आहे. ते त्या डब्याला सतत विचारत राहतं, आहेस का? डबा म्हणतो, आहे. पडद्यावर त्या घरासमोर हिरवा ठिपका. उत्तर आलं नाही की लाल. लांब राहणाऱ्या मुलांनी फोनवर ठिपका बघावा आणि निर्धास्त व्हावं. आमच्या धंद्यात याला पिंग म्हणतात आणि यात नवं काही नाही. नवं काय, तर आम्ही मशीनऐवजी घरं विचारतो. ॲपचं नाव "आहे".

कल्पना माझी. आई गेली तेव्हा मी लहान होतो, वडिलांची रात्रपाळी असायची, आणि मी नि अक्का शेजारशेजारच्या खोल्यांत झोपायचो. मध्ये फळ्यांची भिंत. मी पहिल्या नंबरचा भित्रा. भिंतीवर दोनदा वाजवायचो, म्हणजे आहेस का. पलीकडून ती एकदा वाजवायची, म्हणजे आहे, झोप आता. एकदाही चुकली नाही. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते जाहिरातीत घातलं!

पहिला डबा अर्थात अक्काकडे. ती डोंगराकडच्या गावात एकटी राहते. पडद्यावर तिच्या घराला मी तिचं चारचौघांतलं नाव दिलेलं नाही. नुसतं "अक्का".

गुरुवार, ६ मार्च

अक्काला फोन केला. तिला फोन मुळीच आवडत नाही, मोबाईल बंद करून कपाटात ठेवते. आज नशिबाने चालू होता.

"काय रे ठोंब्या," म्हणाली, "तुझा तो डबा रात्रंदिवस टक लावून बघतो माझ्याकडे. मी त्याच्यावर फडकं टाकलंय."

म्हटलं, फडकं टाक, पण बंद करू नकोस.

"बंद कशाला करीन? तू तेवढंच विचारतोस माझ्याबद्दल." मग हसली. "पूर्वी फोन करायचास, आता दिवा बघतोस. बरं आहे, बिल वाचलं."

टोमणा होता. पण तिचे टोमणे म्हणजे तब्येत उत्तम असल्याची खूण. मी मनावर घेतलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

उद्या पाहुणे येणार. पैसे घालणारे लोक. त्यांच्यापुढे मोठ्या पडद्यावर "आहे" दाखवायचंय, आणि मॅडमना अक्काचं घर सगळ्यात वर हवंय, भिंतीच्या गोष्टीसकट. पण डोंगराकडची लाईन लहरी. ऐन वेळी अक्का लाल झाली तर आमची शोभा.

म्हणून उद्यापुरती एक युक्ती केली. कुठलं नाव म्हणजे कुठला पत्ता, हे मशीनला सांगणारी एक छोटी फाईल असते. तीत "अक्का" समोर मी आमच्याच मशीनचा पत्ता टाकला. म्हणजे मशीन स्वतःलाच विचारणार आणि स्वतःच म्हणणार, आहे. लाईन गेली तरी फरक पडणार नाही. फसवणूक वगैरे काही नाही, लग्नात फोटोपुरता दागिना मागून घालतात तसं. पाहुणे गेले की काढून टाकतो.

बुधवार, १२ मार्च

टाळ्या! एक पाहुणा तर भिंतीची गोष्ट ऐकून नाक पुसत होता. पैसे आले. ॲप एकतीस तारखेला बाजारात आणायचं ठरलं. मॅडमनी सगळ्यांदेखत मला पहिला पेढा... नाही, केक. डॉक्टरांनी साखर बंद सांगितलीय, दोन तुकडे खाल्ले. घरी येऊन आडवा झालो.

शुक्रवार, १४ मार्च

आमच्याकडे चुका शोधायला एक माणूस ठेवलाय. त्याला सगळे शंकासुर म्हणतात, तोंडावरच. त्याला बिचाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. आज पडद्यासमोर मान तिरकी करून उभा.

"सर, अक्कांचं घर फार लवकर उत्तर देतंय."

"मग? तक्रार आहे का?"

"आधी चाळीसेक मिलिसेकंद लागायचे. आता एकसुद्धा लागत नाही. लांबच्या घराला थोडा वेळ लागतोच ना सर. हे उत्तर याच खोलीतून आल्यासारखं वाटतंय."

म्हटलं, लाईन सुधारली असेल, चांगलं झालेलं तुला बघवत नाही का? सगळे हसले. तो पण हसला, पण पडद्याकडे बघतच.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, "लवकर उत्तर? अक्का? तिला चहा घेणार का विचारलं तरी अर्धा तास विचार करते."

मंगळवार, १८ मार्च

आजचा किस्सा. आमच्या मदत क्रमांकावर बसणाऱ्या फोनवाल्या बाईंना एक मुका फोन आला. पलीकडे कुणीतरी आहे, श्वास ऐकू येतो, पण बोलत नाही. बाईंनी दहा वेळा हॅलो केलं. शेवटी पलीकडून काहीतरी आपटल्यासारखा आवाज आला आणि फोन कटला. बाई जाम वैतागल्या. मी म्हटलं, म्हातारी माणसं आहेत, हात लागत असेल.

हा क्रमांक प्रत्येक डब्यावर चिकटवलेला असतो.

गुरुवार, २० मार्च

बाईंचं कुणाशी तरी कडाक्याचं भांडण झालं. फोनवर एक बाई सांगत होत्या की तुमचा डबा असलेल्या घरातलं माणूस पडलं, घराला कुलूप आहे, नातेवाइकांचा नंबर द्या. आमच्या बाईंनी नाव विचारलं. ते नाव यादीतच नाही! डब्यावरचा अनुक्रमांक विचारला, तर म्हणे डबा घरात, घर बंद, तुमचा हा फोन नंबर तेवढा निघताना उतरवून घेतला होता. बाईंनी पडदा पाहिला. सगळी घरं हिरवी. त्यांनी तसं सांगितलं, की आमचं एकही घर बंद नाही, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. त्यावर ती बाई म्हणाली, "मी डोळ्यांनी बघतेय आणि तुम्ही मला पडदा सांगताय?" आणि फोन आपटला.

बाई रडवेल्या झाल्या. मी त्यांची बाजू घेतली. नियम माझाच आहे, आधी पडदा बघा, मग माणसाचं ऐका. घाबरलेलं माणूस काहीही सांगतं. पडदा घाबरत नाही. मॅडम म्हणाल्या, हे वाक्य भिंतीवर लावू या.

नाव काय सांगितलं होतं ते विचारायचं राहिलं. असो. यादीत नाही म्हणजे नाही.

सोमवार, २४ मार्च

लिहू की नको असं झालंय. लिहितो.

मुके फोन थांबलेले नाहीत. रोज येतात, भर दुपारी, जेवणाच्या सुमाराला. आज बाई जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या, म्हणून मी उचलला.

श्वास होता. जड, एका बाजूने ओढल्यासारखा. मागे कुठेतरी शिवणयंत्र चाललं होतं, ते थांबलं. मग फोनच्या अगदी जवळ, टक टक.

मी हॅलो म्हटलं. थोडं थांबून पुन्हा, टक टक.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. का, ते कळलं नाही. ऑफिसात उजेड होता, खिडकी उघडी होती, शंकासुर समोर बसून पोळी चावत होता, आणि मला लहानपणी खोलीत वाटायचं तसं वाटलं. मी फोन ठेवून दिला. ठेवला म्हणजे टाकलाच.

लाईनचा दोष असणार. जुन्या तारांमध्ये असे ठोके येतात. लगेच अक्काचा ठिपका बघून घेतला. हिरवा. जरा बरं वाटलं.

मंगळवार, २५ मार्च

आज डोंगराकडे सकाळपासून वीज नाही. तिकडची आमची सगळी घरं लाल झाली. एक सोडून. लाल ठिपक्यांच्या घोळक्यात अक्का एकटी हिरवी.

शंकासुर नुसता माझ्याकडे बघत राहिला. तेच जास्त लागलं.

"बॅटरी असेल तिच्याकडे," मी म्हटलं.

"सर, तुम्ही दिलीय?"

मी दिलेली नाही. पण अक्का हुशार आहे, तिने घेतली असेल कुणाकडून.

घरी सांगितलं. बायकोने हातातलं काम ठेवलं. "फोन लाव." लावला. बंद. तिचा बंदच असतो, त्यात नवल काय. "मग जाऊन ये." म्हटलं, अगं, सोमवारी ॲप बाजारात जातंय, मान वर करायला वेळ नाही, आणि जायचं कशाला? हिरवी आहे ती. बायको म्हणाली, "तू कुणाबद्दल बोलतोयस? बहिणीबद्दल की भाजीबद्दल?" हसायला हवं होतं. आम्ही दोघंही हसलो नाही.

रविवारी जाऊन येईन.

शुक्रवार, २८ मार्च

अक्षर वाचता आलं नाही तर नाही.

दुपारी सोमवारची तयारी चालली होती. शंकासुर म्हणाला, आपल्याच ऑफिसची लाईन तुटली तर पडदा काय दाखवतो ते एकदा बघू. मी टेबलाखाली वाकलो आणि मशीनची केबल उपटली. वर पाहिलं. एकेक घर लाल होत गेलं. व्हायलाच हवं होतं, आमचा जगाशी संबंध तुटला होता.

अक्का हिरवीच राहिली.

केबल माझ्या हातात होती. तिचं टोक लोंबत होतं. मशीन अक्काला विचारत होतं, आहेस का, आणि कुणीतरी म्हणत होतं, आहे. पुन्हा विचारलं, आहे. पुन्हा, आहे. तार नाही, वाट नाही, आणि उत्तर येतंय. फोनवाल्या बाई "अगं बाई!" म्हणून मागे सरकल्या. मी देवाचं नाव घेतलं बहुतेक. एक क्षण मला खरंच वाटलं की अक्का या खोलीत आहे.

शंकासुर उठला, माझी खुर्ची हळूच बाजूला केली आणि ती छोटी फाईल उघडली. ओळ माझीच. शेजारी मीच लिहिलं होतं, उद्या काढणे.

मीच विचारत होतो. मीच सांगत होतो.

ओळ पुसून अक्काचा खरा पत्ता टाकला. केबल जोडली. सगळी घरं परत हिरवी झाली. अक्काचं लाल झालं आणि लालच राहिलं.

"बाई, तो मुका फोन," शंकासुर म्हणाला, "कुठल्या नंबरवरून यायचा?" बाईंनी काढून दिला. तिकडच्याच गावचा. मी लावला. शिवणयंत्राचा आवाज, मग एका बाईचा.

"कोण? डबेवाले का?"

मी अक्काचं नाव सांगितलं. तिचं खरं, चारचौघांतलं नाव. जे यादीत नाही. म्हटलं, मी तिचा भाऊ.

ती बाई म्हणाली, "आहात का तुम्ही? आम्हाला वाटलं कुणीच नाही त्यांना."

शनिवार, २९ मार्च

बायको आणि मी पहाटेच्या बसने निघालो. अक्काच्या घराशेजारी या शिवणकामवाल्या काकू राहतात. अक्का त्यांच्या बाहेरच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारच्या कॉटवर.

तेरा तारखेला पडली. म्हणजे टाळ्यांच्या दुसऱ्या दिवशी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काकूंना ती स्वयंपाकघरात सापडली. मोबाईलला कुलूप, ते उघडेना. मुख्य बटण बंद करून, घराला टाळं लावून त्यांनी तिला इस्पितळात नेलं, आणि तिथून सोडल्यावर आपल्याच घरी आणलं. माझी ती ओळ नसती तर त्याच दिवशी लाल दिवा लागला असता. हे मी बसमध्ये शंभर वेळा घोकलं. हे लिहून हलकं होत नाही, बायकोचं म्हणणं चुकीचं आहे.

काकू तोंडाच्या फटकळ, आणि मला ते हवंच होतं. "तुमच्या ऑफिसातली बाई मला म्हणते घर चालू आहे! अहो, त्या घराची चावी माझ्या कमरेला!" मी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनीच पाणी दिलं.

"फोन त्याच लावायला सांगायच्या," काकू म्हणाल्या. "तो नंबर लिहिलेला कागद डाव्या हाताने पुढे करायच्या. रोज. मी लावून उशीवर कानाशी ठेवायची, तर बोलता येत नाही, नुसतं फोनवर वाजवायच्या. भिंतीवरही तेच, कॉटवरही तेच. मला वाटायचं काहीतरी हवंय. पाणी द्यायची, उशी सरकवायची. तेव्हा नाही म्हणून मान हलवायच्या आणि पुन्हा टक टक. काय हवंय कळेच ना हो."

कॉटच्या कडेला बसलो. अक्का भिंतीकडे तोंड करून होती. म्हटलं, "अक्का, मी आलोय. ठोंब्या." तिने वळून पाहिलं नाही. डावा हात उचलला आणि भिंतीवर वाजवलं. दोनदा.

मी एकदा वाजवलं.

हात तसाच हवेत थांबला. मग तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा विचारलं. दुपारभर आम्ही तेच करत होतो, आणि काकूंचं शिवणयंत्र बंद होतं.

शुक्रवार, ४ एप्रिल

अक्काला घरी आणलं. आमच्या शेजारची खोली तिची. भिंत विटांची आहे, पण आवाज येतो.

ॲप सोमवारी बाजारात गेलं नाही. शंकासुराने अडवलं, मॅडमसमोर उभा राहून, आणि मॅडमनी ऐकलं. तो नियम बदललाय, आधी माणसाचं ऐका. मी सुट्टीवर आहे.

अक्का थोड्या थोड्या वेळाने विचारते. उत्तर मिळालं की गप्प होते, पण फार वेळ नाही. तिला ते पटत नाही, किंवा विसरते. डॉक्टर म्हणतात, विसरत असेल. मॅडमचा फोन आला होता. मायेनेच म्हणाल्या, तिच्या ठोक्याला एक ठोका देणारं काहीतरी बसवून देते भिंतीत, तुम्ही झोपाल तरी. तिला कुठे कळणार आहे?

मी विचार केला. खोटं कशाला लिहू, खरंच केला. रात्रंदिवस भिंतीशी बसून कंबर मोडलीय.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी मी औषधं आणायला गेलो होतो. दुकानात गर्दी. परत आलो तर बायको भिंतीशी उभी, चेहरा पांढराफटक.

"मी उत्तर दिलं," म्हणाली. "तुझ्यासारखंच. एकदाच. तेवढ्याच जोरात. ती थांबतच नाही रे. मी सांगते आहे, आणि ती विचारतेच आहे."

पलीकडून चाललं होतं. टक टक. टक टक. टक टक. मधे श्वास घ्यायलाही जागा नाही.

मी पिशवी खाली ठेवून बोट वाकवलं आणि एकदा वाजवलं. तात्काळ शांत! बायको माझ्याकडे बघत राहिली, आणि मी भिंतीकडे. आमच्या मशीनला जे कधी कळलं नाही, ते तिला भिंतीपलीकडून कळतं. उत्तर आलं की नाही एवढंच ती बघत नाही. कुणाचं आलं ते बघते.

मॅडमना कळवलं, काही बसवू नका.

गुरुवार, १० एप्रिल

ती मला विचारते. मी तिला अजून एकदाही विचारलेलं नाही. बायको म्हणते, विचार की. धीर होत नाही. लहानपणी विचारायचो तेव्हा उत्तर येणारच हे ठाऊक असायचं. आता ती भिंतीकडे बघते, आमच्याकडे नाही. आत कोण आहे, किती आहे, कुणाला माहीत. विचारलं आणि काहीच आलं नाही तर? लाल ठिपका पडद्यावर बघता येतो. हे कसं बघू.

शुक्रवार, ११ एप्रिल

दुपारी ती बराच वेळ गप्प होती. एरवीपेक्षा जास्त. मी भिंतीला कान लावला. काही नाही. मग मी दोनदा वाजवलं.

काही आलं नाही. उठून तिच्या खोलीत जावं असं वाटलं. शंकासुर म्हणाला होता, लांबच्या घराला थोडा वेळ लागतोच. मी थांबलो. बायको दारात येऊन उभी राहिली, तीही थांबली.

मग पलीकडून, हळू, डाव्या हाताने, एकदा.